आत्या गावी गेलीय

विषय : राहत्या घरात पहाटेच्या वेळी येणाऱ्या रॉकेलच्या वासाबाबत.

संदर्भ : १) अर्जदाराची तोंडी हकिगत. २) गॅस कंपनीच्या माणसाचा शेरा : 'गळती नाही.' ३) अर्जदाराच्या वहीतील नोंदी, दिनांक १३ ते २३ नोव्हेंबर २०२५.

महोदय, म्हणजे तुम्ही सगळे, वरील विषयास अनुसरून कळवण्यात येते की, मधेच लाइट आली तरी ही गोष्ट थांबणार नाही. ज्याला खाली जाऊन यायचं असेल त्यानं आत्ताच जाऊन यावं. नंतर गच्चीचा जिना एकट्यानं उतरायला कुणी तयार होत नाही, असा अनुभव आहे. आणि विनीत, तो मोबाईलचा टॉर्च बंद कर. भूत टॉर्चनं दिसत नसतं. ते कागदपत्रांवरून ठरतं.

तर सुशांत पाष्टे. ठाकुर्ली पूर्वेला राहतो, तिसरा मजला, ३०४. आपल्या ओळखीतला माणूस. त्याचे सगळे अर्ज याच हातानं लिहिले गेलेत, तेव्हा ऐकीव गप्पा म्हणून उडवून लावायची सोय नाही. वय एकोणपन्नास. ठाण्याला औषधांच्या एका गोदामात डिस्पॅचला आहे. माल कुठून निघाला, कुठं पोचला, किती वाजता, एवढं वहीत लिहायचं, संध्याकाळी घरी यायचं. माणूस वाईट नाही, पण त्याला कशाचंच फार काही वाटत नाही. बढती मिळाली तेव्हा 'चालायचंच' म्हणाला, आणि मेहुण्याचा पाय मोडला तेव्हाही तेच म्हणाला. त्याची बायको संचिता एकदा वैतागून म्हणाली होती, "ह्यांच्या डोक्यावर पंखा पडला ना, तर हे आधी रेग्युलेटर बंद करतील."

घरात चौघं. सुशांत, संचिता, कॉलेजात जाणारी करिश्मा आणि सुशांतची आई कलावती, वय एक्क्याऐंशी. वडील धाकू पाष्टे सोळा वर्षांपूर्वी वारले. कलावतीबाईंची खाट हॉलमध्ये, स्वयंपाकघराच्या दाराला लागून. दिवसा झोपायच्या, रात्री जाग्या असायच्या. म्हातारपणी कचेरीची वेळ बदलते माणसाची.

गुरुवार, १३ नोव्हेंबर. संध्याकाळी साडेसहा. सुशांत रेशन दुकानात गेला होता. काम साधं. कार्डावर नाव असलेल्या प्रत्येकानं एकदा दुकानातल्या यंत्रावर अंगठा द्यायचा होता. म्हणजे माणूस खरोखरच आहे, याची सरकारला खात्री पटते. घरातल्या बाकी तिघींनी दिवाळीआधीच अंगठे दिले होते. कलावतीबाईंना रिक्षानं नेऊन आणलं होतं. राहिला होता सुशांत.

दुकान महिला बचत गटाचं. यंत्रावर बसतात हौसाबाई. त्यांनी सुशांतचा अंगठा घेतला, चष्मा वर सरकवला, आणि म्हणाल्या, "सुशांतभाऊ, तुमच्या कार्डावर पाच नावं आहेत. चौघांचं झालं. ही भीमाबाई कोण?"

"आत्या."

"कुठायत त्या?"

"गावी गेलीय."

"मग बोलवून घ्या की. महिनाअखेरची मुदत आहे. नंतर माझ्या नावानं ओरडू नका."

"बोलवून घेतो," सुशांत म्हणाला, आणि कोथिंबीर घेऊन घरी आला.

आता यात भिण्यासारखं काय, असं तुम्ही म्हणाल. काही नाही. फक्त भीमाबाईंना मरून अडतीस वर्षं झाली होती.

आणि सुशांतला ते माहीत होतं. तो मुद्दाम खोटं बोलला नाही. शाळेत हजेरी चालू असली की आपलं नाव आल्यावर तोंडातून 'हजर' निघतं की नाही, मन कुठंही असलं तरी? तसं ते निघालं. वयाच्या अकराव्या वर्षी त्याच्याकडून ते पाठ करून घेतलं होतं. कुणी विचारलं, आत्या कुठाय रे? तर सांगायचं, गावी गेलीय. का सांगायचं, ते त्यानं तेव्हा विचारलं नाही. नंतरही विचारलं नाही.

त्याच रात्री, म्हणजे घड्याळाप्रमाणे शुक्रवारी पहाटे तीन चाळीसला, संचितानं त्याला हलवलं.

"अहो, उठा. गॅसचा वास येतोय."

सुशांत उठला. नाक वर करून उभा राहिला. गॅसचा नव्हता तो. रॉकेलचा होता. तुम्हा पोरांना तो सांगून कळायचा नाही. आता ते मिळतच नाही कुठं. पण ज्याच्या लहानपणी घरात स्टोव्ह होता त्याला तो वास झोपेतून उठवून विचारा, चुकणार नाही. डोक्यात जातो, आणि जिभेवर बसतो.

वास दाराबाहेर होता. सुशांतनं दार उघडलं. जिना रिकामा. बल्ब जळत होता. वास मात्र तिथं उभा होता. दहा-पंधरा मिनिटांत गेला.

शनिवारी रात्री परत. तीन चाळीस. या वेळी वास दाराच्या आत होता. चपलांच्या स्टँडपाशी.

रविवारी सकाळी गॅस कंपनीचा देवेश आला. हुशार पोरगा. यंत्र फिरवलं, पाइपच्या सांध्यांना साबणाचा फेस लावला, बुडबुडे येतात का बघितलं, शेगडीच उलटी केली. काही नाही.

"काका, सडक्या अंड्यासारखा वास आला तर आपलं खातं," तो म्हणाला. "घासलेट आपल्याकडे येत नाही."

"मग कोणाकडे येतं?"

"आता कोणाकडेच नाही ना. बंद झालं ते." देवेशनं कागदावर 'गळती नाही' लिहिलं, सही घेतली, आणि जाता जाता करिश्माला म्हणाला, "तरी पण काडी-बिडी नका लावू हां रात्रीची."

मग रीतसर शोध सुरू झाला. मोरीची जाळी काढली. शाफ्टमध्ये बॅटरी मारली. माळ्यावरच्या सगळ्या पेट्या उतरवल्या, त्यात संचिताला सहा वर्षं हरवलेली पुरणयंत्राची जाळी सापडली, एवढाच काय तो शोधाचा फायदा. वरच्या मजल्यावर रंगकाम चालू आहे का, विचारून झालं. करिश्माच्या नखं पुसायच्या बाटल्या जप्त झाल्या.

"पप्पा, लिटरली पेट्रोल पंपावर झोपल्यासारखं वाटतंय," ती म्हणाली, "आणि तुम्ही माझं नेलपॉलिश कसलं शोधताय?"

सोसायटीच्या सेक्रेटरी दर्शना भोईर. बिल्डिंग उभी आहे ती जमीन त्यांच्या सासऱ्यांची. त्या खाली पार्किंगपासून पाण्याच्या टाकीपर्यंत सगळं हुंगून आल्या आणि ठामपणे म्हणाल्या, "भाऊ, इथं आमचं भातशेत होतं. शेताला कधी वास नव्हता. वास तुमच्याच घरात आहे. घरातल्या माणसांना विचारा."

सुशांतनं वहीत नोंदी ठेवल्या होत्या. डिस्पॅचचा माणूस, दुसरं काय करणार? तारीख (रात्र ज्या दिवसाची त्या दिवसाची), वेळ, ठिकाण. ती वही अशी :

१३ तारीख. ३.४०. दाराबाहेर.

१५ तारीख. ३.४०. दाराच्या आत.

१८ तारीख. ३.४०. पॅसेजमध्ये.

२० तारीख. ३.४०. स्वयंपाकघर, ओट्याखाली.

एवढं लिहून झाल्यावर त्यानं चारही ओळी एकाखाली एक वाचल्या. अशा नोंदी तो रोज करायचा. त्या मालाच्या असायच्या.

वास चालत होता.

त्याला भीती वाटली का? वाटायला हवी होती, हे त्याला कळलं. एवढंच.

एकवीस तारखेला सकाळी मात्र प्रकरण घरातल्या माणसांवर आलं. संचिता सासूचे कपडे धुवायला काढत होती. लुगड्याचा पदर तिनं नाकाला लावला आणि तशीच सुशांतपुढे धरला. रॉकेल. कलावतीबाईंच्या हातांनाही तोच वास. बोटांच्या पेरांना.

"आई, काय सांडलंत?" संचितानं विचारलं.

"काय नाय."

"हाताला कसला वास येतोय?"

कलावतीबाईंनी हात बघितले. लुगड्याला पुसले. "धरायला लागतं ना जरा," म्हणाल्या. "जड असतं."

काय जड असतं, ते काही सांगितलं नाही.

संचिता वाईट बाई नाही, हे आधीच सांगून ठेवतो. सासूचं सगळं करत आली होती, आणि तोंडानं बोलत करायची, म्हणजे मनात काही ठेवायची नाही. पण त्या दिवशी ती सुशांतला बेडरूममध्ये घेऊन गेली, दार लावलं, आणि हळू आवाजात बोलली. तीच वाईट खूण.

"त्यांनी कुठूनतरी रॉकेल मिळवलंय. कुठंतरी दडवलंय. रात्री उठून त्याच्याशी खेळतात. उद्या काडी ओढली तर? करिश्मा आतल्या खोलीत झोपते, अहो. बाहेर पडायची वाट हॉलमधूनच आहे."

सुशांतनं बेडरूमची खिडकी उघडली.

"वांगणीचा तो आश्रम आहे ना, शेजारच्या रमाबाईंच्या नणंदेला ठेवलंय तो. विचारलंय मी. चांगला आहे. सोमवारी सकाळी दहाला या म्हणाले."

"आईला?"

"मग काय मला? तुम्ही वास शोधून काढा. कुठून येतो ते दाखवा मला. सोमवारच्या आत दाखवलंत तर मी पाया पडून माफी मागेन त्यांची. नाहीतर दहा वाजता रिक्षा सांगा."

बोलणं रास्त होतं. सुशांतनं मान हलवली. आईला सोमवारी वांगणीला नेऊन ठेवायचं, किंवा त्याआधी वास शोधायचा. ज्या माणसाला कशाचंच काही वाटत नाही त्याच्यापुढे असला कागद आला, की तो नुसता बघत बसतो. सही करता येत नाही आणि परतही पाठवता येत नाही.

आली रविवारची रात्र. २३ नोव्हेंबर. अमावस्या नव्हती. ती गुरुवारीच होऊन गेली होती. भूत पंचांग बघून निघतं, ही आपली समजूत.

साडेअकराला संचिता आणि करिश्मा आत झोपल्या. सुशांतनं स्वयंपाकघराच्या दारात प्लास्टिकची खुर्ची टाकली. डावीकडे ओटा, उजवीकडे आईची खाट. खाटेखाली बांधून ठेवलेली पिशवी. दोन लुगडी, टॉवेल, औषधांचा डबा, कवळीची डबी.

एक वाजला. दोन वाजले.

"सुशा, झोप जा."

"तू झोप."

"मला काय, उद्यापासनं झोपायचंच हाय तिथं वांगणीला."

तिला कुणी सांगितलं नव्हतं. सुशांतनं ओट्याकडे बघितलं. ओट्याखाली सिलिंडरची जुनी जागा, पाइपचा गॅस आल्यापासून रिकामी. तिथं कांद्यांची टोपली.

"कोण आणतंय घासलेट, सांगू तुला?" आई म्हणाली.

"कोण?"

"तुला माहीत हाय."

मग आईनं सांगितलं. अंधारात, आढ्याकडे बघत, एका सुरात. दळण टाकून आल्याचं सांगावं तसं.

भीमाबाई नवऱ्यानं टाकलेल्या. भावाकडे राहायच्या, रुळांपलीकडच्या चाळीत, दहा बाय दहाच्या खोलीत. बिनपगारी माणूस घरात असलं की त्याला एक काम ठरवून दिलेलं असतं. भीमाबाईंना रॉकेलची रांग होती. गाडी सकाळी सातला यायची. पण नंबर लावायचा तर पहाटे जावं लागायचं. त्या पावणेचारच्या आत डबा घेऊन निघायच्या. बारा महिने. दुपारी कधीतरी भरलेला डबा घेऊन परत. दारात चपला, मग खोली ओलांडून मोरीच्या कडेला, ओट्याखाली. तिथं डबा ठेवायचा. जड असायचा. कलावतीबाई पुढे होऊन कडीला हात लावायच्या.

"सत्त्याऐंशीच्या मे महिन्यात डोळे पिवळे झाले तिचे. पोट फुगलं. तरी जायची. मग रांगेत बसायची, उभं राहवेना तर. तुझे बाबा घेऊन गेले तिला एसटीनं, गावाला वैद्य हाय म्हणून. नवव्या दिवशी एकटेच आले. दारातच मला म्हणाले, रडू नको. शेजारी ऐकतील."

"का?"

"कार्डावर जेवढी माणसं तेवढं घासलेट. एक कमी झालं की तेवढं कमी. तिला वाटेला लावून आले आणि मला म्हणाले, नाव कमी करायचं नाय. दिवाळीपर्यंत. मग पुढच्या दिवाळीपर्यंत."

सुशांतला आठवलं. दारातले वडील. हातात रिकामी पिशवी. आणि नंतर त्याला जवळ घेऊन शिकवलेलं वाक्य.

"मग दहावं, तेरावं?"

आईनं पांघरूण छातीपर्यंत ओढून घेतलं.

"गावच्या भावकीला सांगितलं, मुंबईला करतो. इथं सांगितलं, गावी हाय."

आता बघा, पोरांनो. कचेरीत अशी फाइल असते. हे टेबल म्हणतं त्या टेबलावर आहे, ते टेबल म्हणतं या टेबलावर आहे. दोन्ही टेबलं खरं बोलत असतात, आणि फाइल कुठंच नसते. पण ती संपलेली नसते. ती चालू असते. भीमाबाईंचं तसं झालं होतं. गावाच्या लेखी त्यांचं दहावं-तेरावं मुंबईला झालं होतं. मुंबईत त्या गावी होत्या. त्यांच्या नावानं कुणी रडलं नव्हतं. कावळ्याला घास घातला नव्हता. त्या मेल्या, हे त्यांना स्वतःला तरी कुणी सांगितलं होतं का?

"अकरा वर्षं," आई म्हणाली. "आपल्याकडं गॅस येईपर्यंत. तिच्या वाट्याच्या घासलेटवर भात शिजवला मी. तुझे डबे केले. एक टिपूस नाय काढलं रे डोळ्यांतनं. आधी काढू देत नव्हते. मग येईना."

सुशांत खुर्चीत बसून होता. आपल्याला काहीच का वाटत नाही, ते कुठून आलं, असं त्याच्या मनात येऊन गेलं. तेही लगेच बसलं खाली.

"तू दुकानात काय बोललास?" आईनं विचारलं.

"कधी?"

"अंगठ्याला गेलेलास तेव्हा."

"...गावी गेलीय म्हणालो."

"अजून?"

"...बोलवून घेतो म्हणालो."

आई उठून बसली. हळूहळू. खाट करकरली.

"तिला आजवर कुणी बोलावलं नव्हतं," ती म्हणाली.

चाळ पडून वीस वर्षं झाली. मग घर कसं सापडलं, असं दर्शनानं आत्ता विचारलं... नाही, ती सेक्रेटरी दर्शना वेगळी, ही इथं बसलेली आपली दर्शना. प्रश्न बरोबर आहे. उत्तर सोपं आहे. रेशनकार्डावर नवा पत्ता होता. पाष्ट्यांनी आयुष्यात वेळेवर केलेला एकच अर्ज, पत्ता बदलण्याचा.

तीन वीस.

तीन तीस. खाली कुत्रं होतं, ते आत गेलं कुठंतरी.

तीन चाळीस.

दार बंद होतं. कडी लावलेली. सुशांतनं स्वतः लावली होती.

वास आला.

दारापाशी.

चपलांपाशी... थांबला जरासा. चपला काढायला लागतो तेवढा वेळ.

मग पॅसेज. फरशीवर काही दिसत नव्हतं. पण आवाज होता. अनवाणी पायांचा. एक पाय टेकतो, दुसरा ओढत येतो. आणि मधे मधे पत्र्याच्या डब्याच्या कडीचा. किर्र. किर्र.

खुर्चीजवळून गेला. सुशांतच्या पोटरीला गार लागलं. ओलं काही घासून गेल्यासारखं.

ओट्याखाली डबा ठेवल्याचा आवाज झाला. भरलेल्या डब्याचा.

मग काही नाही.

सुशांतला डोळे मिटता येत नव्हते.

"वन्सं," आई म्हणाली.

...

"नंबर लागला काय?"

...

"लवकर लागला मग आज."

आईचा आवाज अगदी साधा होता. रोजच्या बायका रोज बोलतात तसा.

"आता आमच्याकडं गॅस हाय, वन्सं. घासलेट लागत नाय. तुम्ही नका दमू."

...

खूप वेळ काही नाही. वास मात्र वाढला. डोळ्यांतून पाणी यायला लागलं सुशांतच्या. वासानं.

मग तो वास ओट्याखालून निघाला. खाटेकडे आला. कलावतीबाई बाजूला सरकल्या. खाटेवर एका माणसाची जागा केली त्यांनी. गादी दबली.

"तुमच्या पाठी मी रडले नाय, वन्सं," आई म्हणाली.

...

"हां."

...

"सकाळी तिकडं वांगणीला ठेवतायत मला."

...

"नाय हो. त्याची चूक नाय. पोरीला भ्या वाटतं."

...

...

"बरं," आई म्हणाली. "मग तुमच्याबरोबरच येते."

सुशांतनं हे ऐकलं. ऐकलं म्हणजे शब्द न् शब्द ऐकला. त्याला उठता आलं असतं. तीन पावलांवर खाट होती. 'आई' अशी हाक मारता आली असती. तोंड कोरडं नव्हतं, पाय बांधले नव्हते. तो उठला नाही. नंतर आपल्याला त्यानं हे सांगितलं तेव्हा चेहरा तसाच होता त्याचा, हिशेब देताना असतो तसा. म्हणाला, "काका, माझ्या मनात आलं, आता दहाची रिक्षा सांगायला नको."

एवढंच आलं मनात. आणि त्याला झोप लागली. खुर्चीत बसल्या बसल्या.

सकाळी सहाला संचिताच्या मोबाईलचा गजर झाला. ती बाहेर आली, आणि दारातच थांबली.

कलावतीबाई उताण्या, पाय सरळ, पदर नीट छातीवर. गेलेल्या होत्या. डॉक्टर म्हणाले, तीन-चार तास झाले असतील, झोपेत गेल्या, भाग्यवान.

आणि उशाशी दिवा जळत होता.

आपल्यात माणूस गेलं की उशाशी दिवा लावतात. त्यात नवल नाही. पण तो तेलातुपाचा लावतात, घरातलं कुणीतरी लावतं, आणि कळल्यावर लावतं. ही होती चिमणी. खोकल्याच्या औषधाची चपटी काचेची बाटली, झाकणाला भोक, त्यातून काढलेली चिंधीची वात. रॉकेलची.

संचिताला वाटलं, सुशांतनं लावली. सुशांतला वाटलं, संचितानं. दोघांनी करिश्माला विचारलं. ती नुसती रडायला लागली. मग कुणी कुणाला विचारलं नाही. भटजी आले, त्यांनी दिव्याकडे बघितलं, "जळतोय तर जळू द्या," म्हणाले. संचिता सासूच्या पायांवर डोकं ठेवून खूप रडली. माफी मागेन म्हणाली होती, ती मागितली. मोठ्यानं रडली. शेजारी ऐकायला आले.

सुशांत तोवर खालीच बघत होता. ओट्याखाली कांद्यांची टोपली सरकवलेली होती, बाजूला, भिंतीला लावून. मधे जागा रिकामी.

चिमणी तेरा दिवस जळली. रात्रंदिवस. कुणी तिच्यात काही घातलं नाही. घालायला घरात काही नव्हतंच. तेराव्या दिवशी गोडाचं जेवण झालं, पानं उचलली, आणि संचितानं तिच्यावर फुंकर मारली. मग बाटली उजेडात धरली. गळ्यापर्यंत भरलेली होती. आतलं रॉकेल निळं होतं. तुम्हाला सांगायला हवं : बाजारातलं रॉकेल पाण्यासारखं असायचं. निळं फक्त रेशनचं.

ती बाटली अजून आहे. सुशांतच्या माळ्यावर. कमी होत नाही.

खाडीवर कलावतीबाईंचं करताना सुशांतनं भटजींना विचारलं, अजून एकीचं राहिलंय, तेही उरकता येईल का? भटजींनी तिथी विचारली. त्याला सांगता येईना. "मग सर्वपित्रीला बघू," भटजी म्हणाले.

पुढचं सगळं कागदावर आहे, आणि ते कागद या हातानं लिहिलेत. कलावती धाकू पाष्टे यांचं नाव मृत्यूच्या दाखल्यावरून आठ दिवसांत कार्डावरून कमी झालं. भीमाबाईंचं नाव कमी करण्याचा अर्ज डिसेंबरात दिला. कार्यालयानं मृत्यूचा दाखला मागितला. गावच्या ग्रामपंचायतीनं कळवलं, अशी नोंद नाही. उशिरा नोंद करायची तर दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो. आदेशाला मृत्यू पाहिलेले दोन साक्षीदार लागतात. ती बाई मेली, असं शपथेवर सांगू शकेल असा एकही माणूस आता जिवंत नाही. हे सगळं सविस्तर लिहून अर्ज पुन्हा सादर केला. त्यावर शेरा आला आहे तो असा : 'नाव कमी करण्यास सबळ पुरावा नाही. संबंधित महिलेस पडताळणीसाठी समक्ष बोलवून घ्यावे.'

सुशांतनं त्यावर अद्याप काही उत्तर दिलेलं नाही. अर्ज प्रलंबित आहे.